शेगडीवर भाजलेलं रबर आणि एक कर्जबाजारी माणूस

गेल्या उन्हाळ्यात गोव्याहून चोर्ला घाटाने परत येताना गाडीचा पुढचा टायर पंक्चर झाला. स्टेपनी चढवली, हळूहळू वर आलो आणि पहिलं दिसलं त्या दुकानापाशी थांबलो. पंक्चर काढणाऱ्या पोराने पंक्चर टायर बाजूला ठेवला आणि आधी स्टेपनीच बघायला लागला. जीपसारखी गाडी आमची, स्टेपनी मागच्या दाराला लटकलेली असते. नऊ वर्षांत ती शंभर किलोमीटरही धावली नव्हती. नक्षी अगदी नव्यासारखी. पण बाजूच्या भिंतीवर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडलेल्या. पोराने टायर दाबून धरला तशा त्या भेगा उघडल्या आणि आत धागा दिसला. चाललेले चार टायर ठीक, आणि न चाललेला पाचवा बाद. हे कसं काय?

दुकानावर पाटी होती, टायर व्हल्कनायझिंग वर्क्स. ही पाटी बेळगावात, इंदुरात, हैदराबादेत कुठेही बघा, प्रत्येक ठिकाणी स्पेलिंग वेगळं. पण त्या शब्दामागे एक माणूस आहे आणि माझ्या स्टेपनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या माणसाच्या आयुष्यात आहे. त्याचं नाव आपल्याला टायरवरच वाचून माहीत आहे. चार्ल्स गुडइयर.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. गुडइयर कंपनी या माणसाने काढलेली नाही. त्याला मोटारगाडी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तो गेला 1860 साली आणि ती कंपनी निघाली 1898 साली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन गावी. काढणारा फ्रँक सायबरलिंग. त्याने आदरापोटी नाव घेतलं, बस. गुडइयरच्या घरच्यांचा त्या कंपनीशी संबंध नाही.

चार्ल्सचा जन्म 29 डिसेंबर 1800 चा, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. वडील अमासा गुडइयर बटणं आणि शेतीची अवजारं बनवायचे. पोरगाही त्याच धंद्यात वाढला. 1824 मध्ये क्लॅरिसा बीचर हिच्याशी लग्न झालं आणि दोन वर्षांनी त्याने फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचं दुकान टाकलं. सुरुवातीला धंदा बरा चालला. पण उधारीवर माल देत गेला, उधारी वसूल होईना, आणि 1830 च्या सुमाराला सगळं बुडालं. त्या काळी तिकडे कर्ज फेडलं नाही तर सरळ तुरुंगात टाकत. चार्ल्सला तुरुंगाचं दार तेव्हापासून जे ओळखीचं झालं ते शेवटपर्यंत. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता आलं असतं, पण तसं केलं तर हातातली अर्धवट कामंही देणेकऱ्यांकडे गेली असती. म्हणून तो देणी डोक्यावर घेऊनच जगला.

आता रबर. झाडाचा चीक दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या लोकांना हजारो वर्षं माहीत होता, ते त्याचे चेंडू करायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेला त्याचं वेड लागलं. पाणी न शिरणारे बूट, कोट, टोप्या, गाड्यांवरची आच्छादनं. कारखाने निघाले, लोकांनी पैसे घातले. मग पहिला उन्हाळा आला आणि बूट वितळले. हिवाळ्यात तेच बूट लाकडासारखे कडक होऊन तडकायचे. कच्च्या रबराचा हा स्वभावच आहे. आपल्याकडे तिलारीच्या बाजूने दोडामार्गात उतरलात तर रस्त्याकडेला रबराच्या बागा दिसतात, झाडाला वाटी बांधलेली असते. त्या वाटीतला वाळलेला चीक कधी बोटाने ओढून बघा. ताणतो, पण हाताला चिकटतो आणि पूर्ण मागे येत नाही. गुडइयरच्या काळातलं सगळं रबर असंच होतं.

1834 साली न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात त्याला रबराचा हवा भरायचा जीवरक्षक पट्टा दिसला. त्याची हवेची झडप काही धड नव्हती. चार्ल्स हाताचा कारागीर, घरी जाऊन चांगली झडप बनवून घेऊन आला. वाटलं, चार पैसे मिळतील. दुकानाच्या व्यवस्थापकाने झडपेचं कौतुक केलं आणि खरी गोष्ट सांगितली, की दोष झडपेत नाही, रबरात आहे. विकलेला माल वितळून परत येतोय, त्याची इतकी दुर्गंधी की तो जमिनीत पुरावा लागतोय, आणि कंपनी बुडायच्या बेतात आहे. झडप कोण विकत घेणार?

दुसरा कुणी असता तर तिथून पळाला असता. हा माणूस रबर घेऊन घरी गेला. घरी म्हणजे, थोड्याच दिवसांत पुन्हा फिलाडेल्फियाच्या तुरुंगात. तिथे त्याने बायकोकडून कच्चं रबर आणि लाटणं मागवून घेतलं म्हणतात आणि कोठडीत रबर मळत बसला. रसायनशास्त्राचं शिक्षण शून्य. पद्धत एकच, जे हाताला लागेल ते रबरात घालून बघायचं. चुना घातला. मॅग्नेशिया घातलं. काहींनी चिकटपणा जायचा, थोडे दिवस. मग उन्हाळा यायचा.

नायट्रिक आम्लाने रबराचा वरचा थर सुधारतो हे त्याला कळलं. ते करताना बंद खोलीत आम्लाच्या वाफांनी जीव जायची वेळ आली होती. पण 1837 मध्ये त्याचं पेटंट मिळालं, न्यूयॉर्कमध्ये पैसे घालणारा भेटला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली. पैसेवाला बुडाला, गुडइयरही त्याच्यासोबत बुडाला. बायकापोरांना घेऊन स्टेटन आयलंडवरच्या एका बंद पडलेल्या रबर कारखान्यात तो राहिला. शेजारी त्याच्याकडे कसं बघत असतील याची कल्पना करा. अंगावर रबराचा कोट, रबराची टोपी, रबराचे बूट, खिशात रबराचं पाकीट, आणि पाकिटात पैसा नाही.

1838 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी त्याची नॅथॅनियल हेवर्डशी गाठ पडली. हा हेवर्ड रबरावर गंधक टाकून ते उन्हात ठेवायचा, म्हणजे चिकटपणा जायचा. गुडइयरने त्याचे हक्क विकत घेतले. गंधक त्याच्या आयुष्यात आलं ते असं, दुसऱ्याकडून. ही बाब बहुतेक गोष्टींत गाळलेली असते, म्हणून मुद्दाम लिहिली.

मग सरकारचं काम मिळालं. टपालाच्या रबरी पिशव्या, 150 नग. पहिल्यांदाच नाव होणार होतं. पिशव्या तयार झाल्या, देखण्या झाल्या, गरम खोलीत टांगून ठेवून हा बाहेरगावी गेला. परत येऊन बघतो तर पिशव्या स्वतःच्याच वजनाने लोंबून वितळायला लागलेल्या. वरचा थर सुधारलेला, आत रबर तसंच कच्चं. गावात हसू झालं. देणेकरी पुन्हा दारात.

1839 च्या हिवाळ्यात ती शेगडीची घटना घडली. तिच्या कहाण्या बऱ्याच आहेत, कुणी म्हणतं हातातून उडालं, कुणी म्हणतं मुद्दाम ठेवलं. एवढं नक्की, की गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. रबर उष्णतेने वितळतं, हे त्याला पाच वर्षांत तोंडपाठ झालं होतं. पण हा तुकडा वितळला नाही. चामड्यासारखा भाजला, आणि जळलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी राहिली ती मऊ, लवचीक, अजिबात न चिकटणारी. त्याने तो तुकडा रात्री बाहेर थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो तसाच लवचीक होता. उन्हाळा आणि हिवाळा, दोन्ही परीक्षा एका रात्रीत पास.

लोक याला योगायोग म्हणतात. गुडइयरला ते आवडायचं नाही, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर होतं. शेगडीवर रबर त्याआधीही कुणाकुणाच्या हातून पडलं असेल, त्यांनी ते खरवडून फेकलं असेल.

झालं काय होतं, ते आज आपल्याला माहीत आहे. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता, शेवयांसारखा. तापलं की शेवया एकमेकींवरून घसरतात, ते वितळणं. गंधक आणि उष्णता मिळून या साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतात. मग ओढलं तर ताणतं, पण सोडलं की पुलांमुळे मूळ जागी येतं. गुडइयरला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं फक्त की किती ताव आणि किती वेळ, यावर सगळं आहे. थोडं कमी तर चिकट, थोडं जास्त तर कोळसा.

आणि हे जमवायला त्याची पुढची पाच वर्षं गेली. क्लॅरिसाच्या चुलीत, तिच्या भाकरीच्या भट्टीत, शेजारच्या कारखान्यांच्या बॉयलरवर, जिथे धग मिळेल तिथे तो रबराचे तुकडे घेऊन जायचा. शेवटी दाबाखालच्या वाफेत सुमारे 130 अंश सेल्सिअसला काही तास ठेवलं तर एकसारखं शिजतं, हे हाती लागलं. तोवर घरातलं विकण्यासारखं सगळं विकून झालं होतं. मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा. याच दिवसांत घरातलं एक लहान मूल गेलं. त्याची बरीच मुलं लहानपणीच गेली. क्लॅरिसाने हे सगळं कसं काढलं, याबद्दल रबराच्या इतिहासाची पुस्तकं जवळजवळ काहीच सांगत नाहीत. नात्यातल्या एका लोकर कारखानदाराने, विल्यम डी फॉरेस्टने, वेळोवेळी पैसे पुरवले म्हणून प्रयोग चालू राहिले.

अमेरिकेतलं पेटंट मिळालं 15 जून 1844 ला, क्रमांक 3633. पण इंग्लंडात उशीर झाला होता. त्याने नमुने तिकडे दाखवायला पाठवले होते. ते थॉमस हँकॉक नावाच्या इंग्रज रबर कारखानदाराच्या हाती पडले. नमुन्यांवर गंधकाची पांढुरकी, पिवळट भुकटी फुटलेली होती. मिठाच्या बरणीला जशी मिठाची खार फुटते तशी. रबरात जास्तीचं गंधक घातलं की ते हळूहळू आतून पृष्ठभागावर येतं. जाणकाराला तेवढी खूण पुरली. हँकॉकने स्वतः प्रयोग करून 1843 च्या नोव्हेंबरात पेटंटचा अर्ज टाकला, गुडइयरचा अर्ज काही आठवडे मागे पडला. या प्रक्रियेला रोमन अग्निदेव व्हल्कनवरून नाव दिलं तेही हँकॉकचा मित्र विल्यम ब्रॉकडन याने. म्हणजे चोर्ल्याच्या दुकानावरची ती पाटीसुद्धा गुडइयरच्या शब्दाची नाही.

अमेरिकेत पेटंट होतं तर श्रीमंत का झाला नाही? एक तर परवाने त्याने कवडीमोलाने वाटले. आणि ज्यांना परवाने दिले नव्हते ते तसाच माल काढत राहिले. त्यातल्या होरेस डे याच्याविरुद्धचा मोठा खटला 1852 मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला उभा राहिला. गुडइयरच्या बाजूने उभा राहिला डॅनियल वेबस्टर, त्या वेळी अमेरिकेचा परराष्ट्र मंत्री. मंत्रिपदावर असताना त्याने वकिली केली, फी घेतली 15,000 डॉलर. खटला गुडइयरने जिंकला. वेबस्टरला एका खटल्यात मिळाले तेवढे रबराने खुद्द गुडइयरला कधी एकरकमी दिले नसतील.

पैसा आला तरी त्याच्या हाती ठरत नसे. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने 30,000 डॉलर घालून रबराचं दालन उभं केलं. भिंती, टेबलं, कपाटं, दागिने, सगळं रबराचं. त्याला रबराच्या नोटा, रबराची वाद्यं, रबराची जहाजाची शिडं, सगळं करून बघायचं होतं. स्वतःच्या पुस्तकाच्या काही प्रती त्याने रबराच्या पानांवर छापून घेतल्या. फक्त एक गोष्ट त्याला सुचली नाही, हवा भरलेलं चाक. तेही रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने 1845 मध्येच पेटंट करून ठेवलं होतं, पण ते चाललं नाही. 1888 मध्ये डनलॉपने पुन्हा शोधल्यावर चाललं.

क्लॅरिसा 1853 मध्ये गेली. दोन वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनात पुन्हा तोच थाट, पुन्हा कर्ज. फ्रेंच पेटंट रद्द झालं, येणारे पैसे थांबले आणि 1855 च्या डिसेंबरात पॅरिसच्या क्लिशीच्या तुरुंगात त्याची रवानगी झाली. फ्रान्सच्या सम्राटाने दिलेला लीजन ऑफ ऑनरचा किताब त्याला तुरुंगातच मिळाला म्हणतात. त्यानंतर तब्येत खालावत गेली. 1860 च्या उन्हाळ्यात मुलगी अत्यवस्थ असल्याचं कळून तो तिला भेटायला निघाला. न्यूयॉर्कला पोचला तेव्हा ती गेल्याची बातमी आली. 1 जुलै 1860 रोजी तिथल्याच एका हॉटेलात तोही गेला. डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.

आता माझी स्टेपनी.

गुडइयरने रबराचं वितळणं थांबवलं, थंडीत तडकणं थांबवलं. पण वय होणं थांबवलं नाही. साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल पडले तरी त्या साखळ्यांत कमकुवत सांधे उरतातच, आणि हवेतला ओझोन नेमका तिथे घाव घालतो. ऑक्सिजन आणि उष्णता आपलं काम हळूहळू करतात, रबर कडक होत जातं. ऊन वरचा थर खातं. टायर काळा असतो तो शोभेसाठी नाही. सुरुवातीचे टायर पांढरट असायचे, 1910 च्या दशकापासून त्यात काजळी घालायला लागले, तिने ताकद वाढली आणि उन्हाचा माराही ती झेलते. ओझोनसाठी टायरमध्ये मेण आणि खास रसायनं घालतात. ती गुडइयरच्या नमुन्यातल्या गंधकासारखीच आतून बाहेर येतात आणि पृष्ठभागावर पातळ साय धरतात. जुन्या टायरवर तपकिरी झाक दिसते ती बहुतेक वेळा याचीच. मळ समजून आपण ती घासघासून काढतो. (यातल्या 6पीपीडी या रसायनापासून बनणारा पदार्थ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोहो सामन मासे मारतो, हे 2020 मध्ये उघड झालं. पर्याय अजून शोधतायत.)

टायर चालतो तेव्हा वळतो, दबतो, आणि त्या हालचालीने ही मेणाची साय वर येत राहते. टायर नुसता लटकलेला असेल तर वरचं मेण तडकतं आणि नवं येत नाही. आमची स्टेपनी नऊ वर्षं उन्हात, एका जागी, हवा भरून ताणलेली. ताणलेल्या रबरालाच ओझोन लवकर चिरतो. न चालल्यामुळे ती टिकली नाही, न चालल्यामुळेच गेली.

त्या दुकानदाराने आणि पुढे वाचनाने जे शिकवलं ते असं. गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर फिरवा. शक्यतो सावलीत लावा. इंदूर-हैदराबादच्या उन्हात निदान टायरांवर आडोसा करा. हवा टायर थंड असताना तपासा, कमी हवेचा टायर जास्त वाकतो, तापतो, लवकर म्हातारा होतो. धुवायला साधा शॅम्पू पुरे. चमकेसाठी रॉकेल, डिझेल, जुनं इंजिन ऑइल टायरला लावू नका. रबर तेल पितं, फुगतं, आणि आतली मेणं धुऊन जातात. गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला डिझेल-ऑइलचा फवारा मारायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यात खालचे बुश आणि बूट खराब होतात. पॉलिश लावायचीच हौस असेल तर पाण्यावर आधारलेलं घ्या.

दाराच्या कडेचं रबर वेगळ्या जातीचं असतं. बहुतेक गाड्यांत ते ओझोनला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्याचा शत्रू धूळ आणि चिकटणं. ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि सिलिकॉन किंवा ग्लिसरीनचा हलका हात फिरवा. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका. वायपरचं रबर मात्र उन्हाने जातंच, त्याला दरवर्षी पावसाळ्याआधी बदलणं हाच उपाय. जादा टायर घरी ठेवायचा असेल तर अंधारी थंड जागा बघा, आणि वेल्डिंग किंवा सतत चालणाऱ्या मोटरच्या जवळ नको, तिथे ओझोन तयार होतो.

आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा. 2216 लिहिलं असेल तर 2016 सालचा बाविसावा आठवडा. बऱ्याच कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदला. केसासारख्या उथळ भेगा म्हणजे लक्ष ठेवायची वेळ. दाबल्यावर आत धागा दिसला तर विषय संपला.

आमच्या स्टेपनीचा विषय त्या दुकानातच संपला. पंक्चर टायरला पोराने कच्च्या रबराची चकती लावली आणि वर गरम इस्त्रीसारखा साचा आवळला. थोड्या वेळाने गंधकाचा ओळखीचा वास आला. शेगडीवर शिजणाऱ्या रबराचा तोच वास असणार. त्याने साचा सोडवला, जागा अंगठ्याने दाबून बघितली, पैसे घेतले आणि पुढच्या ट्रककडे वळला.